कोठारावरची अक्षरं

आर्डिसमावशी दुकानात आली तेव्हा बुधवारची दुपार कलायला लागली होती आणि मी गाईंच्या चाटणाच्या मिठाच्या विटा रचत होते. दारात थांबून तिनं मान किंचित डावीकडे वळवली, कोंबडी दाणा बघते तशी, आणि डोळ्याच्या कडेनं मला शोधून काढलं.

"कोरीन, शिक्का काढ बाहेर," ती म्हणाली. "चोवीस झाल्या."

छातीशी धरलेली ती खाकी फाईल मी ओळखत होते. सात आठवडे ती आमच्या दुकानाच्या ट्रकमधून साऱ्या हॅलोरन जिल्ह्यात फिरली होती. आमच्या दुकानातला मिलो गुरांच्या खाद्याची पोती पोचवायचा आणि त्याच्या शेजारी बसलेली मावशी प्रत्येक घरी उतरून सही मागायची. मिलो कुरकुरायचा, "पोती परवडली. पोतं टाकलं की निघता येतं. हिला कॉफी मिळाल्याशिवाय ट्रक हलत नाही."

आमचा जिल्हा म्हणजे वाळूच्या टेकड्या, टेकड्यांवर गवत, गवतात गाई, आणि गाईंच्या मागं कुठंतरी एखादा माणूस. सगळे मतदार मिळून तीनशे बावन्न. एरवी नेब्रास्कात आम्हाला कोण विचारतंय! पण लोकांनी आपला कायदा आपण मतदानाला लावायचा तर नुसत्या शहरातल्या सह्या चालत नाहीत. त्र्याण्णवपैकी अडतीस जिल्ह्यांतून शंभरात पाच मतदारांची तरी सही लागते. एकूण सह्यांचा आकडा केव्हाच पार झाला होता. सदतीस जिल्हेही झाले होते. अडतिसावे आम्ही. आमच्याकडून हव्या होत्या अठरा, आणि त्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लिंकनला, राजधानीत, पोचायला हव्या होत्या.

अठरा. ऐकायला काय! पण इथं एका घरापासून दुसरं घर अकरा मैल, आणि मधे सात फाटकं. प्रत्येक फाटक उतरून उघडायचं, पलीकडं जायचं, पुन्हा उतरून लावायचं.

मावशी हे का करत होती ते कुणाला सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षं तिनं आमची ॲम्ब्युलन्स चालवली, फुकट, बर्फात आणि धुळीत. तीन बाळं त्या गाडीत जन्मली, त्यातलं एक माझं. मग तिच्या नजरेच्या मधोमध काळा डाग धरला. ज्याच्याकडं बघावं नेमकं तेवढंच नाहीसं व्हायचं, कडेकडेचं राहायचं. तिनं किल्ली खुंटीला लावली. उरलेले चालक म्हातारे होत गेले, आणि दोन वर्षांपूर्वी गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच. आता बोलावली तर अडुसष्ट मैलांवरून यायची. मार्चमध्ये डेनी सॉरेन्सन यंत्रात सापडला, गाडी यायला दीड तास लागला. डेनी वाचला. पाय गेला.

"आली तर आली, नाही तर नाही," मावशी तेव्हा म्हणाली होती. "असं पावसाचं असतं. गाडीचं असं कसं चालेल?"

मी गल्ल्याखालून शिक्का काढला, चष्मा लावला. सही गोळा करणाऱ्यानं नोटरीसमोर शपथ घेतल्याशिवाय तो कागद म्हणजे नुसता कागद, आणि गावातली नोटरी मीच. मी स्वतः सही केली नव्हती. शिक्का मारणाऱ्यानं जरा लांब राहिलेलं बरं म्हणून. तिनं घ्यायची शपथ मी मोठ्यानं वाचली: "प्रत्येकानं माझ्यासमोर सही केली. प्रत्येकाला, सही करण्याआधी, प्रस्तावाचा उद्देश कागदावर छापल्याप्रमाणे सांगितला."

"घे, हात वर कर."

मावशीनं हात अर्धा उचलला आणि खाली घेतला.

"छापल्याप्रमाणे," ती म्हणाली. "कोरीन, मला काही ते वाचता येत नाही. बहिणीनं फोनवर वाचून वाचून पाठ करून घेतलं माझ्याकडून. कागद आपला धरायचा म्हणून धरायची. तू असं कर, कागद समोर धर. मी म्हणते. चुकले तर सांग."

मी म्हटलं, "सात आठवडे म्हणतेयस, आता काय चुकणार?"

"धर तर."

तिनं डोळे मिटले. तिचा उजवा पाय आपोआप ठेका धरायला लागला, आणि माझ्या लक्षात आलं की तिनं ते सरकारी वाक्य कशाच्या चालीवर बसवलंय.

तिचा नवरा व्हर्न नाच पुकारायचा. कोठारात चार-चार जोडपी चौकोनात उभी राहायची, व्हायोलिन सुरू व्हायचं, आणि गवताच्या गठ्ठ्यावर चढून व्हर्न पुकारायला लागायचा. पाय कुठं टाकायचे, हात कुणाचा धरायचा, सगळं त्याच्या तोंडून. चाळीस वर्षं आमच्या जिल्ह्यातली लग्नं त्याच्या पुकाऱ्यावर जुळली, एक-दोन मोडलीही.

डाव्या हाती शेजारीण, उजव्या हाती आपली नारी,
पवनचक्की फिरते तशी गिरकी घ्या रे सारी,
धूळ उडू दे, टाच वाजू दे, सूर चढू दे वरी,
आणि फिरून फिरून, फिरून फिरून, या रे अपुल्या दारी!

'दारी' म्हणजे जिथून नाच सुरू केला ती आपली जागा. कितीही गिरक्या घ्या, कुणाच्याही हातात जा, शेवटी दारी. व्हर्न जाऊन सहा वर्षं झाली, तरी तो शब्द ऐकला की आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय अजून आपल्या जागेकडं वळतात.

मावशी त्याच ठेक्यात म्हणत होती: "या प्रस्तावाचा उद्देश असा की, रुग्णवाहिका ही अत्यावश्यक सेवा मानली जावी, आणि राज्याने ती प्रत्येक दारी, रात्रंदिवस, शिकलेल्या माणसांसह हजर ठेवावी."

माझं बोट कागदावर एका शब्दाशी थांबलं.

खरं सांगते, मी गप्प बसणार होते. बाहेर मिलो पोती लादत होता, पंखा फिरत होता, शिक्का माझ्या हातात होता. एक शब्द. कुणाला कळणार होतं? मला डेनीचा पाय आठवला. पण मावशी मान वाकडी करून माझ्याकडं बघत होती, आणि तिला माझा चेहरा दिसत नसला तरी माझं गप्प बसणं नीट दिसत होतं.

"काय चुकलं?"

"पुन्हा म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच.

"मावशी, 'प्रत्येक जिल्ह्यात' असं छापलंय."

"मग मी काय म्हणते?"

"प्रत्येक दारी."

ती हळूच मिठाच्या विटांवर टेकली. मग छताकडं तोंड करून म्हणाली, "व्हर्न, मेल्या! तूच घुसवलास ना?"

मला हसू आलं, तिलाही आलं, आणि मग दोघींचंही एकदम थांबलं.

मी लिंकनला फोन लावला. मोहिमेच्या ऑफिसातली मुलगी एका दमात म्हणाली, की वकिलांना विचारते, एका शब्दानं बहुधा काही बिघडत नाही, प्लीज शपथ घ्या आणि कागद घेऊन निघा.

"बहुधा," मावशी म्हणाली. "'बहुधा'वर हात वर करायचा?"

"अगं, एक शब्द."

"एक शब्द नाही तो. नऊ मैल वाळू आहे त्या शब्दात." ती उठून उभी राहिली. "टेसाची पोर आठव. दमेकरी आहे ती. टेसाला मी तिच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलंय, गाडी दारी येईल. तिनं त्यावर सही केली. आणि गाडी येणार जिल्ह्यात. इथं, क्रेन गावात, शेडमध्ये उभी राहणार. टेसाच्या दारी कशी जाईल? देवालासुद्धा त्या वाळूत चार चाकांना साखळ्या बांधाव्या लागतील."

"मग आता सगळ्यांना पुन्हा भेटू. मी वाचते मोठ्यानं, तू शेजारी उभी राहा."

"चूक माझ्या तोंडून गेलीय. दुरुस्ती माझ्याच तोंडून जायला हवी."

"मग 'जिल्ह्यात' म्हण ना! म्हण बरं."

तिनं म्हटलं. तीनदा म्हटलं. तिन्ही वेळा पाय ठेक्यात पडला आणि जीभ दारी गेली. चौथ्यांदा तिनं पाय घट्ट रोवला तर पुढचं सगळं वाक्यच विसरली.

"पाठ केलेलं आता कामाचं नाही," ती म्हणाली. "मला वाचायला हवं. अक्षर बघून. आणि अक्षर बघायला डोळे हवेत. बस. संपलं."

ते 'संपलं' मला मान्य नव्हतं. मी भिंतीवरचा बोलायचा रेडिओ उचलला. गवत कापणीचे दिवस. जिल्ह्यातला प्रत्येक माणूस ट्रॅक्टरवर, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर रेडिओ. खाद्याच्या दुकानातून कोरीन बोलतेय म्हटल्यावर सगळे ऐकतात, कारण त्यांना वाटतं पोती आली.

मी झालं ते जसंच्या तसं सांगितलं. उद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत क्रेनच्या शेडपाशी या, आर्डिसमावशी खरा मजकूर वाचेल, तो पटला तर पुन्हा सही करा.

रेडिओ खरखरला. मग एक आवाज आला, आणि मी कपाळाला हात लावला. हार्लन ब्रँट.

साऱ्या जिल्ह्यात मावशीला तोंडावर नाही म्हणणारा हा एकच माणूस. कंबरेचं हाड मोडलं तेव्हा हा पठ्ठ्या स्वतःच पिकअप हाकत अडुसष्ट मैल गेला होता, क्लच फावड्याच्या दांड्यानं दाबत. मावशी सही मागायला गेली तेव्हा म्हणाला होता, "राज्यानं गाडी दिली की मागोमाग चार कारकूनही देईल. मला गाडी नको, कारकून तर नकोतच."

"कोरीन," हार्लन रेडिओवर म्हणाला, "ती वाचणार कशी? परवा चर्चमध्ये माझ्या टोपीला 'कशी आहेस मार्था' म्हणाली."

"ते ती बघेल," मी म्हटलं.

"तेच तर, बघेल कशी?"

मधेच कुणीतरी खो-खो हसलं. मावशीनं माझ्या हातातून रेडिओ ओढून घेतला. "हार्लन, तुझी टोपी मार्थापेक्षा बरी बोलते. अजून काही?"

"आहे. गावात कशाला बोलावतेस सगळ्यांना? निम्मी माणसं माझ्या कुरणाच्या आसपास आहेत. माझ्या कोठारापाशी या. आणि कोरीन, तो मजकूर वाच बघू. सावकाश. मी लिहून घेतो."

"कशाला?"

"मला काय वाचता येत नाही?"

मी वाचला, एकेक शब्द. तो मधेमधे "हं" म्हणत होता. एकदा त्यानं "'अत्यावश्यक'मध्ये 'त्या' आहे ना?" असं विचारलं. रेडिओ बंद केल्यावर मिलो दारातून म्हणाला, "झालं. उद्या हा म्हातारा प्रत्येक शब्दाला फाटे फोडणार. आयतं सावज त्याच्या अंगणात नेताय."

फाईल मावशीनं पुन्हा छातीशी धरली, पण आता ती सांभाळून धरल्यासारखी नव्हती. तापलेल्या भांड्यासारखी, कुठं ठेवावी ते न कळून धरलेली.

गुरुवारी दुपारी आम्ही हार्लनच्या फाटकातून आत वळलो. वारा पडला होता. ओल्या कापलेल्या गवताचा वास इतका दाट होता की श्वासाबरोबर गोड चव यायची. मिलोनं टेकडी चढवली आणि माथ्यावर एकदम ब्रेक दाबला.

"अरे देवा," तो म्हणाला.

"काय झालं?" मावशी म्हणाली. "गाय आडवी आली?"

खाली हार्लनचं जुनं लाल कोठार होतं. त्याच्या दक्षिणेच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्या रंगात, हातभर उंचीची अक्षरं होती. खिडक्यांच्या चौकटींसाठी आणलेला रंग. अजून ओघळत होता.

"मावशी," मी म्हटलं, "समोर बघ. म्हणजे, बाजूला बघ. तुझ्या पद्धतीनं बघ."

तिनं मान वळवली. बराच वेळ नुसती मान वळवून राहिली. मग तिचे ओठ हलायला लागले.

"या," ती म्हणाली. "प्र... प्रस्तावाचा."

हार्लन शिडीवरून उतरत होता. कोपरापर्यंत हात पांढरे, टोपीवर थेंब. "पहाटेपासून चाललंय," तो म्हणाला. "एका भिंतीवर मावेना. राज्याला थोडक्यात सांगता येत नाही, हे मी आधीपासून म्हणतोय."

मी छापील कागद घेऊन भिंतीच्या कडेकडेनं चालत गेले, एकेक अक्षर ताडून पाहिलं. शब्द तेच, क्रम तोच. फक्त 'रुग्णवाहिका'तली 'हि' त्यानं दीर्घ काढली होती.

"हार्लन, ही ऱ्हस्व असते."

"अडुसष्ट मैल जायचंय तिला," तो म्हणाला. "दीर्घच बरी."

ट्रॅक्टर येत गेले, पिकअप येत गेल्या. माणसं बूट झाडत, सँडविच खात, भिंतीकडं बघून शीळ घालत उभी राहिली. चोवीसपैकी वीस आले होते. टेसाही आली होती, कडेवर पोर घेऊन. सगळ्यांत लांबून आली होती ती. डांबरी रस्त्यापासून आत नऊ मैल वाळू, तिच्याही पलीकडं तिचं घर.

मावशी भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. फाईल उघडून तिनं सह्यांचा कागद बाहेर काढला, वर धरला.

"यावर तुम्ही सह्या केल्यात," ती म्हणाली. "मी जे सांगितलं ते ऐकून केल्यात. मी एक शब्द चुकीचा सांगितला. मुद्दाम नाही, पण सांगितला." आणि तिनं तो कागद उभा फाडला, मग आडवा. चोवीस सह्या. सात आठवडे. कुणीतरी "अगं, अगं" म्हणालं, पण तोवर तुकडे तिच्या खिशात गेले होते.

मग ती वाचायला लागली.

तिला वाचताना तुम्ही बघायला हवं होतं. ती भिंतीला समांतर चालत होती, तोंड कुरणाकडं, नजर डोळ्याच्या कोपऱ्यातून भिंतीवर. एका अक्षराशी थांबायची, दोन पावलं मागं यायची, पुन्हा बघायची. "रु-ग्ण-वा-ही-का." लोक तिच्यामागून चालत होते. "से-वा मा-न-ली जा-वी." पाय ठेका धरायला बघत होता, ती तो उचलून मुद्दाम वाकडा टाकत होती.

"आणि राज्याने ती प्रत्येक..."

भिंत संपली. पुढचा शब्द कोपऱ्याच्या पलीकडं, पूर्वेच्या भिंतीवर होता.

ती कोपऱ्याशी थांबली. मागं वीस माणसं. या कोठारात व्हर्ननं किती वेळा पुकारा केला असेल. याच जमिनीवर मावशी किती वेळा वळून आपल्या जागी परत आली असेल. मला तिची जीभ दिसत होती, दातांमागं, 'द'वर टेकलेली. मी मनात म्हणत होते, वळ, मावशी, आधी वळ.

ती वळली. मान वाकडी केली. ऊन त्या भिंतीवर नव्हतं, म्हणून तिला आणखी जवळ जावं लागलं, इतकं जवळ की नाकाला रंग लागला.

"जि," ती म्हणाली. "जि-ल्ह्या-त."

मग आमच्याकडं तोंड करून पुन्हा म्हणाली, "जिल्ह्यात. दारी नाही. मी तुम्हाला दारी सांगितलं होतं. गाडी क्रेनला उभी राहील. कुणाच्या दारी वीस मिनिटांत पोचेल, कुणाच्या पन्नास. कुणाच्या दारी पोचणारच नाही. हे ऐकून ज्याला सही करायची त्यानं करा. ज्याला नाही करायची त्यानं करू नका, मी रागावणार नाही. रागावले तरी मला तुमची तोंडं दिसत नाहीत."

उरलेलं वाक्य तिनं वाचून संपवलं. मिलोनं ट्रकच्या बॉनेटवर नवा कागद पसरला. मी शेजारी उभी राहून मोजत होते. न मोजून कसं चालेल. पीटरसन नवरा-बायको पुढं आले आणि म्हातारा म्हणाला, "आर्डिस, मागच्या वेळी तुझ्या आवाजावर सही केली. आज वाक्यावर करायची तर मला ते पटत नाही." मावशी म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." दोघं बाजूला झाले. बाकीचे एकेक करून आले. पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, सही. सतरा.

सगळे हार्लनकडं बघायला लागले.

"माझ्याकडं काय बघता?" तो म्हणाला. "भिंत दिली, रंग दिला. हातही द्यायचा?"

"मग एवढं कशाला केलंस, म्हाताऱ्या?" मिलो वैतागून म्हणाला.

"मी विरोधात आहे. ती बाजूनं आहे. पण ती वाचू शकत नाही म्हणून मी जिंकलो, तर ते काय जिंकणं झालं?"

टेसा अजून भिंतीच्या कोपऱ्याशी उभी होती. पोर तिच्या खांद्यावर झोपलं होतं, श्वासाची बारीक शीळ ऐकू येत होती. ती 'जिल्ह्यात' या शब्दाकडं बघत होती.

"मावशी," ती म्हणाली, "म्हणजे माझ्याकडं नाही येणार."

"वाळूत नाही. बर्फात तर नाहीच. डांबरी रस्त्यावरच्या तुझ्या फाटकापर्यंत येईल."

"किती वेळात?"

"अर्धा तास. आज दीड लागतो."

टेसाच्या डोळ्यांत राग होता, आणि तो असायलाच हवा होता. तिला दार सांगितलं होतं, आणि हातात फाटक आलं होतं. मावशी तिची समजूत घालायला पुढं झाली नाही. फाईल दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"फाटकापर्यंतचे नऊ मैल माझ्याकडं लागले, म्हणजे," टेसा शेवटी म्हणाली.

"हो."

"तेवढे मी आणीन तिला." तिनं पोर माझ्या हातात दिलं आणि पेन मागितलं. "पण मावशी, दारी हा शब्द चांगला होता."

"फार चांगला होता," मावशी म्हणाली.

अठरा.

तिथंच, ट्रकच्या बॉनेटपाशी, मावशीनं हात वर केला. मी शपथ वाचली. 'छापल्याप्रमाणे' आलं तेव्हा ती थांबली नाही. मी शिक्का दाबला. एका हातात पोर होतं, म्हणून तो जरा तिरका उमटला.

शुक्रवारी पहाटे मी आणि मिलो निघालो आणि दुपारी एकच्या आत कागद लिंकनला दिला. परतीच्या वाटेवर टेकडीच्या माथ्यावरून कोठार दिसलं. मजकुराखाली हार्लननं आणखी एक ओळ वाढवली होती, तितक्याच मोठ्या अक्षरांत: मी याच्या विरोधात आहे. ह. ब्रँट. मिलो इतका हसला की मलाच स्टिअरिंग धरावं लागलं.

ऑगस्ट संपता संपता कळवलं गेलं, की आमच्या अठरापैकी एकही सही बाद झाली नाही आणि प्रस्ताव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर येणार. तोवर भिंत निम्मी भरली होती. जाणारे-येणारे थांबत होते. हार्लननं रंगाचा डबा आणि ब्रश दाराशी मुद्दाम ठेवला होता, वर पाटी, 'झाकण लावा'. डेनी सॉरेन्सननं कुबडी टेकवून लिहिलं होतं: मी बाजूनं. माझ्या पायाला विचारा. पीटरसननं लिहिलं होतं: आधी रस्ते करा. त्याच्याखाली त्याच्या बायकोनं: मी अजून ठरवलेलं नाही.

सप्टेंबरातल्या एका रविवारी, चर्चनंतर, मावशी म्हणाली, "कोरीन, मला भिंतीपाशी ने. सगळे म्हणतात वाच, वाच. बघू तरी."

तिनं सगळं वाचलं, कडेकडेनं चालत. त्यात पाऊण तास गेला. हार्लनच्या ओळीशी ती थांबली, बोटानं चाचपली, म्हणाली, "याचं अक्षर तरुणपणी बरं होतं." हार्लन व्हरांड्यातून ओरडला, "ऐकू येतंय मला!" ती म्हणाली, "ऐकू येण्यासाठीच बोलले. कॉफी टाक."

मग तिनं ब्रश मागितला.

मी तिचा हात धरून तिला कोपऱ्याशी नेलं, जिथं भिंत वळते. "इथं जागा आहे?" तिनं विचारलं. होती. 'जिल्ह्यात'च्या खाली, कुणी काही लिहिलेलं नव्हतं. तिनं मान वाकडी केली, ब्रश टेकवला, आणि तिचा पाय हळूहळू ठेका धरायला लागला. या वेळी तिनं तो धरू दिला. अक्षरं चढत गेली, उतरत गेली, एक दुसऱ्यावर चढलं. पण वाचता येत होती. टेकडीवरूनसुद्धा वाचता येतात.

पुढच्या खेपेला: दारी.